बोटीवरून हिवाळी माउंटन गोटची शिकार : अलास्काच्या फियॉर्डमध्ये उतरण्यापूर्वीची तयारी, क्रमानं

आग्नेय अलास्कात ऑगस्टमध्ये माउंटन गोट (कड्याकपारींत राहणारं, पांढऱ्या केसांचं, शेळीसारखं रानटी जनावर) झाडांच्या पट्ट्याच्या वर, उघड्या कुरणांवर असतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत वरचं बर्फ त्यांना खाली ढकलतं आणि ते स्प्रूस-हेमलॉकच्या जुन्या जंगलातल्या कड्यांवर येतात, कधी कधी समुद्रापासून काहीशे फुटांवर. म्हणून हिवाळ्यात ही शिकार बोटीवर राहून होते. रात्री बोट एखाद्या फियॉर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद, खोल खाडीत नांगरायची, सकाळी छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून वर चढायचं.

बहुतेक जण तयारी डोंगराची करून येतात आणि फसतात ते पाण्यात, ओल्या हातमोज्यांत, शिकारीसाठी बंद झालेल्या विभागात आणि दुपारी साडेतीनला पडणाऱ्या अंधारात. पुढचे टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा. आधीचा टप्पा अर्धवट राहिला की पुढच्यावर केलेला खर्च वाया जातो.

## १. कागदपत्रं : निदान आठ-दहा महिने आधी

अलास्काचे रहिवासी नसलेल्या अमेरिकी नागरिकांना माउंटन गोटच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड सक्तीचा आहे. त्याला एकच पर्याय म्हणजे जवळच्या नात्यातला, १९ वर्षं पूर्ण झालेला अलास्काचा रहिवासी सोबत असणं. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकांना कोणत्याही मोठ्या जनावरासाठी गाइड लागतो. गाइडशिवाय शिकारीचा वार्षिक परवाना, त्या विभागाचं रजिस्ट्रेशन परमिट आणि जनावराला लावायचा लॉकिंग टॅग या तीन गोष्टी स्वतंत्र आहेत. एक मिळाली म्हणजे बाकीच्या आपोआप मिळत नाहीत. काही विभागांत परमिटआधी नर-मादी ओळखण्याची ऑनलाइन चाचणीही द्यावी लागते. ती सक्तीची नसली तरी द्या, कारण सहाव्या टप्प्याचा तो पाया आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी इथे जास्त काळजी घ्यायला हवी. एच-१बी, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार-परवाना असणं हा या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणजे परवाना हातात येण्याआधी मित्राची रायफल घेऊन सराव करणं हा गुन्हा ठरू शकतो. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. भारतातून किंवा अन्य देशातून स्वतःची बंदूक आणायची असेल तर अमेरिकेत बंदुकांचं नियमन करणाऱ्या एटीएफ या फेडरल खात्याची फॉर्म ६ एनआयए ही मंजुरी आधी लागते. पहिल्या खेपेला गाइडचीच रायफल वापरणं सोपं, पण ती आपल्या खांद्याला बसते का हे पहिल्याच दिवशी पाहायला हवं.

दुसरी गोष्ट कोट्याची. आग्नेय अलास्काच्या बऱ्याच भागांत हंगाम ३१ डिसेंबरपर्यंत असतो, पण प्रत्येक छोट्या विभागाचा कोटा गुणांत मोजतात : नर पडला तर १ गुण, मादी पडली तर २. गुण भरले की अलास्काचं फिश अँड गेम (मासेमारी आणि शिकार) खातं तातडीच्या आदेशानं तो विभाग बंद करतं. उशिराच्या हंगामात आपण पोचेपर्यंत ठरलेला फियॉर्ड बंद झालेला असणं अगदी शक्य आहे.

तपासा : गाइडला लेखी विचारा, "हा विभाग बंद झाला तर तुमच्याकडे दुसरा कोणता आहे, आणि माझं परमिट तिथे चालेल का?" उत्तरात दुसऱ्या विभागाचं नाव आलं नाही तर आगाऊ रक्कम भरू नका.

## २. गाइड आणि बोट ठरवताना

अलास्कात गाइड आणि ट्रान्सपोर्टर हे दोन वेगळे परवाने आहेत. ट्रान्सपोर्टर तुम्हाला बोटीनं नेऊन सोडतो आणि परत आणतो. शिकारीत मदत करायचा अधिकार त्याला नाही. स्वस्त "बोट-हंट" दिसली की ती कोणत्या परवान्यावर चालते ते आधी बघा. ट्रान्सपोर्टरच्या बोटीवर गेलेला परराज्यातला शिकारी गाइडविना माउंटन गोटच्या मागे लागला तर शिकारच बेकायदेशीर ठरते. करारावर रजिस्टर्ड गाइडची सही हवी. डोंगरावर तुमच्याबरोबर प्रत्यक्ष कोण येणार, तो स्वतः की असिस्टंट गाइड, हेही करारात लिहून घ्या.

मग बोटीबद्दल विचारा. प्रवाशांकडून पैसे घेऊन बोट चालवणाऱ्याकडे अमेरिकी कोस्ट गार्डचा कप्तान-परवाना असावाच लागतो. बोटीवर जितकी माणसं तितके इमर्शन सूट (थंड पाण्यात तरंगत ठेवणारे अंगभर पोशाख) आहेत का, लाइफ राफ्ट आणि इपर्ब (उपग्रहाला संकटाचा संदेश देणारं यंत्र) आहे का, ओले कपडे वाळवायला गरम जागा किती, छोट्या होड्या किती आणि मुख्य इंजिन बंद पडलं तर होडीवर दुसरं इंजिन आहे का, हे एकेक करून विचारा. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत : आम्ही डोंगरावर असताना बोटीवर कोण राहणार? मोठ्या बोटीवर सतत एक जाणकार माणूस हवाच. फियॉर्डच्या तळाशी नांगर धरायला चिखल किंवा वाळू असेलच असं नाही. वारा फिरला आणि नांगर सुटला तर सगळ्यांची परतीची वाट गेली.

दिवस मोजताना शिकारीचे सात दिवस हवे असतील तर दहा दिवसांचा करार करा आणि आधी-नंतर दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. अलास्काची राजधानी जुनो हिच्याजवळ ताकू नावाचे डोंगरावरून उतरणारे थंड वारे सुटले की ते ताशी १०० मैलांच्या पुढे जाऊ शकतात. तेव्हा कोणीच हलत नाही. ज्याचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी आहे तो शिकारी गाइडवर नको तेव्हा निघायचा दबाव आणतो.

इशारा : बोटीपर्यंत छोट्या खाजगी विमानानं जाणार असाल तर दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत शिकार करता येत नाही. नेहमीच्या कंपन्यांच्या प्रवासी विमानाला हा नियम लागू नाही.

## ३. शरीर : सोळा आठवडे

चढण्याचा सराव सगळे करतात. गुडघे आणि मांड्या मात्र उतरताना संपतात, तेही पाठीवर तीस किलो मांस असताना. म्हणून आठवड्यातला एक मोठा दिवस मुद्दाम उतरणीसाठी ठेवा. सुरुवात १० किलोनं करा, दर दोन आठवड्यांनी २ किलो वाढवा आणि २० ते २२ किलोवर थांबा. त्याहून जास्त वजनानं सरावातच दुखापत होते. पुण्यातून तयारी करणाऱ्याला आतकरवाडीहून सिंहगड चढून-उतरणं पुरतं. सिअॅटलच्या आसपास राहणाऱ्याला माउंट साय बरा. चढताना पाठीवर पाणी घेऊन वर ओतून टाकण्याची सवय अनेकांना असते. या शिकारीसाठी ती चुकीची आहे. वजन खाली आणा.

चार आठवडे उरले असताना एक परीक्षा घ्या : २० किलो घेऊन ६०० मीटर चढ दोन तासांत, लगेच उतार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना कठडा न धरता उतरता येणं. दुसरा भाग जमला नाही तर उतरणीचे दिवस वाढवा, चढणीचे नकोत.

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकलेल्यांना भिजण्याचं भय नसतं. तिथला पाऊस कोमट असतो आणि भिजून चालत राहिलं तरी निभतं. इथे समुद्रकाठी २ अंश सेल्सियसला पाऊस आणि तीनशे मीटर वर ओलं बर्फ अशी हवा दिवसच्या दिवस असते. भिजलेला माणूस थांबला की वीस मिनिटांत बोटं कामातून जातात. मन आधीच या गोष्टीसाठी तयार ठेवा.

बोट लागणाऱ्यांनी औषध घरीच वापरून पाहावं. मेक्लिझीननं काहींना झोप येते. स्कोपोलामीनची पट्टी निघण्याच्या निदान चार तास आधी कानामागे लावावी लागते, आणि काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

## ४. कपडे आणि सामान

एकच नियम आधी पाठ करा : कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड बोटीवरून कधीही हलत नाही. मोजे, आतले कपडे, टोपी, स्वेटर, सगळं ड्रायबॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. दुसरा जोड अंगावर आणि तिसरा वाळत. सुती काहीही नको, चड्डीसुद्धा.

अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर सिंथेटिक भरणाचं जॅकेट. पिसांचं जॅकेट भिजलं की गोळा होऊन निकामी होतं, ते बोटीपुरतं ठीक. होडीत बसताना मासेमार घालतात तसा जाड पीव्हीसीचा रेनकोट आणि पँट हवी. महागडं श्वास घेणारं कापड खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात लवकर हार मानतं, ते डोंगरासाठी राखा. हातमोजे तीन जोड हवेत. होडीसाठी निओप्रीन, चढताना पातळ लोकरी, थांबल्यावर जाड मिटन. तिसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद राहू द्या.

बूट दोन प्रकारचे. होडीसाठी गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, डोंगरासाठी कडक तळव्याचे गिर्यारोहणाचे बूट. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायची, बर्फात रुतणाऱ्या दातांची चौकट) घरीच त्या बुटांवर बसवून पाहा. ज्या बुटांना टाचेवर खाच नाही त्यांवर क्लिपचे क्रॅम्पॉन बसत नाहीत, आणि ही गोष्ट किनाऱ्यावर कळून उपयोग नाही. क्रॅम्पॉनखाली बर्फ चिकटू न देणाऱ्या प्लेट हव्याच. किनारी अलास्काचं बर्फ ओलं आणि चिकट असतं. प्लेट नसतील तर दहा पावलांत तळव्याखाली गोळा जमतो आणि दात जमिनीला लागतच नाहीत. सोबत ६०-७० सेंमी लांबीची आइस अॅक्स, हेल्मेट, बर्फाच्या टोप्या लावलेल्या दोन काठ्या, गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पोटरीवरचं आवरण).

पाठीवरच्या पिशवीत, प्रत्येकाच्या स्वतःच्या : दोन हेडलॅम्प, लिथियमच्या जादा बॅटऱ्या, हलकी ताडपत्री, दोन लायटर आणि ओल्यातही पेटणारं काही, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, गरम पाण्याचा थर्मास. फियॉर्डमध्ये मोबाइलला रेंज नसते असंच धरून चला. खायला एनर्जी बार नेले तर ते थंडीत दगड होतात. शेंगदाण्या-गुळाचा लाडू शून्याखालीही दातांनी तुटतो आणि पोटाला आधार देतो.

तपासा : घरी शॉवरखाली सगळा पोशाख घालून पंधरा मिनिटं उभे राहा, हात डोक्यावर धरून. बाहीतून पाणी काखेपर्यंत आलं तर मनगटाचे पट्टे बदला.

## ५. बंदूक आणि दुर्बीण

.२७० विंचेस्टरपासून .३०० विंचेस्टर मॅग्नमपर्यंत कोणतीही रायफल चालते. .३०-०६ पुरेशी आहे. कॅलिबरपेक्षा गोळीचा प्रकार महत्त्वाचा : खांद्याचं हाड फोडून आत जाणारी बाँडेड (शिसं आणि वरचं आवरण एकजीव केलेली) किंवा संपूर्ण तांब्याची गोळी घ्या. स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता असेल तर उत्तम, कारण इथे खारं पाणी लागतंच.

थंडीत बोल्टमधलं (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यातलं) जाड तेल घट्ट होतं आणि फायरिंग पिन मंद पडते. बोल्ट सोडवून पूर्ण पुसा आणि थंडीत चालणारं पातळ वंगण नावापुरतं लावा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा म्हणजे बर्फ आत जाणार नाही. गोळी पट्टी फोडून जाते, नेमात फरक पडत नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक संध्याकाळी होते. माणूस थकून येतो आणि रायफल गरम केबिनमध्ये भट्टीजवळ ठेवतो. धातूवर, बोल्टमध्ये आणि दुर्बिणीच्या काचांवर दव धरतं, सकाळी बाहेर नेताच ते गोठतं. रायफल आणि दुर्बिणी बाहेरच्या थंड, झाकलेल्या जागेत राहू द्या. आत आणायच्याच असतील तर बंद केसमध्ये आणा आणि तीन-चार तास केस उघडू नका.

नेम लावताना कोन विसरू नका. उतारावर गोळीचा झोल, म्हणजे ती किती खाली येते ते, आडव्या अंतरानुसार मोजायचा असतो. अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरनं ३०० यार्ड दाखवले आणि कोन ३० अंशांचा असला तर २६० यार्डांचा नेम धरा, ४० अंशांचा असला तर २३०. कोन मोजणारा रेंजफाइंडर हे गणित स्वतः करतो, पण ती सोय चालू आहे का हे पाहून ठेवा. सराव बसून, पिशवीवर टेकून, दम लागलेला असताना करा. टेबलावर टेकून एकाच जागी पाडलेल्या गोळ्यांच्या गटाचा इथे उपयोग नाही.

विमानात बंदूक रिकामी, कडक आणि कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून द्यायची. काडतुसं साधारण ५ किलोंच्या मर्यादेत, मूळ खोक्यात. सिअॅटलहून सरळ केचिकान किंवा जुनोला उडा. कॅनडातून गाडीनं गेलात तर तिथली बंदूक-नोंदणी वेगळी करावी लागते. पोचल्यावर गाइडनं दाखवलेल्या सुरक्षित किनाऱ्यावर १०० यार्डांवर दोन-तीन गोळ्या झाडून नेम तपासा. प्रवासात रायफलवरच्या दुर्बिणीला बसलेला धक्का डोळ्यांना दिसत नाही.

## ६. बोकड की मादी

या शिकारीतला सर्वांत जबाबदारीचा टप्पा हाच आहे. माउंटन गोटची मादी बहुधा चार-पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते आणि बहुतेक वेळा एकच करडू होतं. छोट्या कळपातल्या दोन-तीन माद्या गेल्या तरी तो कळप सावरायला अनेक वर्षं लागतात. करडू आणि करडासोबतची मादी मारणं बेकायदेशीर आहे. एकटी मादी बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसते, पण ती मारू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिंगं दोघांनाही असतात आणि लांबी जवळपास सारखी दिसते, त्यामुळे लांबीवरून काहीही ठरवू नका. समोरून पाहताना बोकडाच्या शिंगांची बुडं जाड असतात आणि दोन्हींमधली फट बुडाच्या जाडीपेक्षा अरुंद दिसते. मादीची बुडं बारीक आणि फट तेवढीच किंवा जास्त रुंद. बाजूनं पाहताना बोकडाचं शिंग बुडापासून टोकापर्यंत सारखं वळत जातं. मादीचं बरंच सरळ जाऊन टोकाशी एकदम मागे वळतं. बोकडाच्या शिंगांमागे काळसर ग्रंथी असतात, त्या जवळून दिसतात. लघवी करताना मादी मागचा भाग खाली बसवते, बोकड पुढे ताणून उभा राहतो. शंका असेल तर याचीच वाट पाहा.

ऑगस्टसाठी शिकवलेल्या दोन खुणा हिवाळ्यात फसवतात. "एकटा दिसला म्हणजे बोकड" ही पहिली. माजाचा काळ ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत असल्यामुळे या दिवसांत बोकड माद्यांमध्ये मिसळलेले असतात, आणि एकटी मादीही दिसते. दुसरी खूण मागून अंडकोश पाहण्याची. हिवाळी केस इतके लांब असतात की ते झाकलेले राहतात. त्याउलट एक खूण याच काळात मिळते : माजातला बोकड खड्डे उकरून त्यात लघवी करतो आणि बसतो, त्यामुळे त्याचे मागचे पाय आणि पोट मळकट, तपकिरी दिसतात. पांढऱ्या बर्फावर हा मळ दुरून कळतो. पण ओल्या मातीत बसलेली मादीही मळते, म्हणून एवढ्यावर निर्णय नको.

२०-६० पटीच्या स्पॉटिंग स्कोपमधून (तिवईवर लावायच्या मोठ्या दुर्बिणीतून) निदान वीस मिनिटं पाहा. वेगवेगळ्या तीन खुणा जुळल्या आणि त्या तुम्ही व गाइड दोघांनी एकमेकांना न सांगता ओळखल्या, तरच पुढे. करडू खडकामागे बसलेलं असू शकतं, त्यालाही हा वेळ लागतो. बोटीवरून पाहताना बोट हलते आणि मोठी पट निरुपयोगी ठरते. आधी १०x४२ दुर्बिणीनं शोधा, मग किनाऱ्यावर उतरून स्कोप लावा.

इशारा : तिसरी खूण जुळत नसेल तर तो दिवस फक्त पाहण्याचा. वर चढून ठरवू म्हणून निघालेला माणूस वर पोचल्यावर श्रमाच्या बाजूनं निर्णय देतो.

## ७. होडीतून किनाऱ्यावर

इथली भरती-ओहोटी कोकण किनाऱ्यावर वाढलेल्यांनाही चकित करते. उधाणाला जुनोच्या परिसरात पाण्याच्या पातळीत सहा मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी ज्या खडकावर उतरलात तो दुपारी पाण्याखाली असेल, किंवा होडी पाण्यापासून शंभर पावलं दूर चिखलात बसलेली असेल. रोज रात्री भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि उतरण्याची व परतण्याची वेळ त्यांवरून ठरवा.

उतरण्याचा क्रम असा. रायफलच्या नळीत गोळी नाही, बंदूक केसमध्ये, केस होडीला बांधलेली. लाइफ जॅकेट सगळ्यात वर. पाठपिशव्या खाली ठेवलेल्या, कोणाच्याही पाठीवर नाहीत. होडीची नाळ (पुढचं टोक) किनाऱ्याला लागली की एकच माणूस दोर घेऊन उतरतो. होडी आणि खडक यांच्यामध्ये कोणीही उभं राहायचं नाही. लाटेनं होडी सरकली की पाय तिथेच चिरडतो. मग सामान, मग बाकीची माणसं. सर्वांत चांगली रीत म्हणजे चालकानं होडीतून उतरूच नये, माणसं सोडून मागे सरकावं आणि परतीच्या वेळी बोलावल्यावर यावं. होडी किनाऱ्यावर ठेवायचीच असेल तर ती कप्पीच्या दोरावर खोल पाण्यात ओढून ठेवा.

रबरी बूट उतरवून ड्रायबॅगमध्ये घाला आणि बॅग भरतीच्या रेषेच्या बरीच वर झाडाला टांगा. वाहून गेलेले बूट म्हणजे परतीचा प्रवास ओल्या पायांनी.

पाण्यात पडलात तर १-१०-१ लक्षात ठेवा : पहिलं १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायला, नंतर सुमारे १० मिनिटं हात-पाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. लाइफ जॅकेट नसेल तर पहिल्या मिनिटाच्या पुढचं गणितच उरत नाही. प्रत्येक होडीत एक जलरोधक व्हीएचएफ रेडिओ हवा. संकटाची हाक चॅनेल १६ वर द्यायची.

## ८. दिवसाचा हिशेब

जुनोला नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. २१ डिसेंबरला दिवस जेमतेम ६ तास २० मिनिटांचा. आता उलटं मोजा. चार वाजता होडीजवळ पोचायचं. ओझ्यासह उतरायला दोन तास. दोघांनी कातडं काढून मांस सोडवायला दोन तास, हात गारठलेले असले तर अडीच. म्हणजे गोळी साडेअकरा ते बाराच्या आत सुटली पाहिजे. बारानंतर सुंदर बोकड समोर आला तरी तो किनाऱ्याजवळ, सोप्या वाटेवर असेल तरच विचार करा. नाहीतर जागा लिहून ठेवा आणि उद्या पहाटे हेडलॅम्पवर निघा. हिवाळ्यात खाली आलेले गोट फार फिरत नाहीत. तो तिथेच आसपास सापडण्याची शक्यता चांगली असते.

बर्फाचं पाहणं याच वेळी. हिमस्खलन हे किनारी अलास्कातल्या माउंटन गोटच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे, आणि त्यांच्या मागे आपण त्याच उतारांवर जातो. दुर्गम फियॉर्डसाठी रोजचा हिमस्खलनाचा अंदाज मिळत नाही, म्हणून खुणा स्वतः वाचा. ३० ते ४५ अंशांचे उघडे उतार धोक्याचे. गेल्या चोवीस तासांत भरपूर बर्फ पडलं असेल, बर्फावर पाऊस पडला असेल, शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसत असेल किंवा पायाखाली "धप्प" असा आवाज होऊन भेग पळत असेल, तर परत फिरा. घळीतून वर चढू नका. झाडी असलेल्या सोंडेवरूनच चढा, डेव्हिल्स क्लब या काटेरी झुडपांमधून जावं लागलं तरी. प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं हवं आणि बोटीवर पोचल्याच्या दिवशीच शोधण्याची तालीम करा.

## ९. गोळीच्या आधी

बोकड कुठे उभा आहे यापेक्षा तो कुठे जाऊन पडेल हे आधी बघा. गोळी लागलेला माउंटन गोट बऱ्याचदा शेवटच्या बळानं कड्याच्या टोकाकडे जातो. तिथून पडला तर शिंगं तुटतात, मांस फुटतं, आणि काही वेळा तो पोचताच येणार नाही अशा कपारीत अडकतो. त्याच्या खालचा उतार स्कोपमधून टप्प्याटप्प्यानं उतरून पाहा. तिथे आपण बर्फ असताना पोचू शकतो का, याचं "हो" गाइडकडून मोठ्यानं ऐका. नसेल तर तो सरकेपर्यंत थांबा.

नेम पुढच्या खांद्यावर, हाड मोडेल असा. पहिली गोळी लागली तरी तो पूर्ण निश्चल होईपर्यंत झाडत राहा. उभा असताना दुसरी गोळी राखून ठेवणं ही दयाही नाही आणि काटकसरही नाही. होडीतून गोळी झाडू नका.

## १०. मांस, कातडं, नोंद

पोचताच लॉकिंग टॅग लावा आणि परमिटवर सांगितलेली नोंद तिथेच करा. रबरी हातमोजे घाला. माउंटन गोटमध्ये तोंडाभोवती फोड आणणारा एक विषाणुजन्य रोग आढळतो आणि तो माणसाच्या हातांनाही होतो. तसे फोड दिसले तर फोटो काढून खात्याला कळवा.

अलास्काच्या कायद्यानं चारही पाय, पाठीचं मांस, मान, छाती आणि बरगड्यांमधलं मांस खाली आणणं बंधनकारक आहे. शिंगं मांसाच्या आधी खाली आणता येत नाहीत. ती शेवटच्या खेपेबरोबर येतात. माजातल्या बोकडाच्या केसांचा आणि ग्रंथींचा वास मांसाला लागतो, म्हणून कातड्याला लावलेल्या हातानं आणि सुरीनं मांसाला शिवू नका. दोन सुऱ्या ठेवा. मांस हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत भरा, प्लास्टिकमध्ये नाही. नोव्हेंबरमध्ये काही तपकिरी अस्वलं अजून जागी असतात. एक जण कामात असताना दुसऱ्यानं आजूबाजूला लक्ष ठेवायचं.

कातडं कसं चिरायचं हे घरून निघण्यापूर्वीच टॅक्सिडर्मिस्टला (कातड्यात पेंढा भरून जनावर टिकवणाऱ्याला) विचारून ठेवा. अंगभर हवं की फक्त खांद्यापर्यंत, यावर पहिली चीर ठरते आणि ती परत जोडता येत नाही. पांढऱ्या केसांवरचं रक्त वाळण्याआधी थंड गोड्या पाण्यानं धुवा. बोटीवर गेल्यावर चरबी खरवडा, ओठ चिरा, कान उलटे करा, मग बारीक, आयोडीन नसलेलं मीठ कडेपर्यंत चोळा. हिवाळी अंगभर कातड्याला १५ ते २० किलो मीठ लागतं. ते बोटीवर आहे का हे बंदर सोडण्यापूर्वी पाहा. रात्रभर पाणी निथळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ चोळा. थंडी आहे म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गरम केबिनजवळ ठेवलेलं कातडं केस सोडतं.

मांस बंदरावर गोठवून मेण लावलेल्या मासळीच्या खोक्यांत भरा, प्रत्येक खोकं २३ किलोंच्या आत, म्हणजे विमानात साध्या सामानासारखं जातं. परमिटवर शिंगं फिश अँड गेमच्या कार्यालयात दाखवायची अट असेल तर ते गाव सोडण्याआधी उरका, शनिवार-रविवार धरून हिशेब करा. आणि जनावर मिळालं नाही, अगदी बोट बंदरातून हललीच नाही, तरी परमिटचा अहवाल मुदतीत भरावाच लागतो. तो राहिला तर पुढच्या हंगामात परमिट नाकारलं जातं.